आता सोडून काय उपयोग?

ज्या घरात सत्तरी गाठलेला, विडी-सिगारेट ओढणारा माणूस आहे, त्या घरात एक वाक्य कधी ना कधी उच्चारले जातेच. प्रत्येक जिल्ह्यात त्याची बोली निराळी असेल, आमच्या रेवसला ते असे ऐकू येते : "आता सत्तरीन सोरून काय उपेग?" वाचकहो, आपल्या घरी हा प्रश्न निघाला तर आपण काय उत्तर देता? बहुतेक घरांत उत्तर नसते. मुले चिडतात, सुना गप्प राहतात, नातवंडांना आजोबांच्या खोलीत जाऊ नका असे बजावले जाते आणि प्रश्न तेवढा शिल्लक उरतो. तो टिकून राहतो, कारण त्यात एक वरकरणी शहाणपण आहे. जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले. उरलेल्या दिवसांचा विरंगुळा कशाला हिरावून घ्यायचा, असा त्याचा रोख असतो. उपदेशाने हा प्रश्न सुटत नाही, असा माझा अनुभव आहे. फुप्फुसांच्या आत प्रत्यक्षात काय घडते हे समजून घेतले, तर मात्र त्याचे उत्तर देता येते.

माझे आयुष्य माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवण्यात गेले आणि माझ्या थोरल्या बंधूंचे समुद्रावर. रेवस हे धरमतर खाडीच्या मुखावरचे बंदर. पलीकडच्या तीरावर करंजा, उत्तरेला मुंबई; भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच आमच्या धक्क्याला लागते. दादा चाळीस वर्षे मच्छीमार होडीवर तांडेल होते. जाळे पाण्यात असताना रात्र जागून काढावी लागते. थंडी, भूक, झोप आणि भीती या चारही गोष्टींवर होडीवर एकच औषध मिळे, ते म्हणजे विडी. जून आणि जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात, तेव्हा जाळी दुरुस्त करतानाही ती सुटत नसे. पुढे मुले कमावती झाली आणि विडीच्या जोडीला सिगारेट आली. अडुसष्टाव्या वर्षी दादांना धक्क्यावरून घरी येताना वाटेत दोनदा थांबावे लागू लागले. श्वासाची मोजणी करणारी स्पायरोमेट्री झाली आणि निदान आले : सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणारा दीर्घकालीन विकार. पंप सुरू झाला. पंपही चालू राहिला आणि विडीही. वहिनी रात्री किती वेळा उठून त्यांच्या पाठीशी उशी लावीत, याचा हिशेब त्यांनी कधी कोणाला सांगितला नाही.

दादांचा प्रश्न मी शिक्षकाच्या सवयीने घेतला. विद्यार्थ्याने खरा प्रश्न विचारला तर त्याला दटावू नये, उत्तर शोधावे. त्या शोधात जे वाचले, डॉक्टरांना विचारून पडताळले आणि दादांना सांगितले, तेच आपल्यापुढे मांडतो.

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. हवेचे हे सूक्ष्म फुगे. त्यांची भिंत अतिशय पातळ असते, कारण प्राणवायूला तिच्यातून रक्तात जायचे असते. एवढी नाजूक जागा बाहेरच्या हवेला थेट उघडी आहे, म्हणून निसर्गाने तेथे राखणदार नेमले आहेत. त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. मराठीत आपण भक्षकपेशी म्हणू. धुळीचा कण असो, काजळी असो वा जंतू असो, त्याला वेढून गिळणे आणि पचवणे हे त्यांचे काम. अशा पेशींचे कार्य प्रथम ओळखले ते इल्या मेच्निकॉव्ह या रशियन जीवशास्त्रज्ञाने. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला पाहिला. या संशोधनाच्या मार्गावर त्यांना १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

गिळलेल्या जंतूला मारायचे कसे? भक्षकपेशी प्राणवायूपासूनच काही दाहक द्रव्ये बनवते. सुपरऑक्साइड हे त्यांतले पहिले, हायड्रोजन पेरॉक्साइड हे दुसरे. जखम धुण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळते तेच हे हायड्रोजन पेरॉक्साइड. अडचण अशी की ही शस्त्रे दुधारी आहेत. जंतूला जाळणारे द्रव्य पेशीच्या स्वतःच्या अंगालाही भाजू शकते. म्हणून प्रत्येक भक्षकपेशीजवळ स्वसंरक्षणाची सामग्री असते आणि तिचा मुख्य भाग म्हणजे विकरे, ज्यांना आपण एन्झाइम या नावाने ओळखतो. विकर हे एक प्रथिन असते. ते रासायनिक क्रिया कित्येक पटींनी वेगवान करते आणि काम झाल्यावर पुढच्या कामाला मोकळे राहते.

यांतल्या तीन विकरांची नावे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले सुपरऑक्साइड डिसम्युटेज. त्याचे कार्य १९६९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी उलगडले. ते सुपरऑक्साइडचे रूपांतर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये करते. दुसरे कॅटालेज, ते हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू करून टाकते. तिसरे ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. तेही तेच काम करते, पण त्यासाठी ग्लुटाथायोन नावाचा एक साठा वापरते. पहिल्याने आग अर्धी विझवावी आणि उरलेल्या दोघांनी पूर्ण विझवावी, अशी ही वाटणी आहे.

आमच्या बाजूला खाडीकाठची भातशेती खारबांधाच्या आधाराने उभी असते. बांधात खेकडे भोके पाडतात. ती वेळीच बुजवावी लागतात. दिवसातून दोनदा भरती येते, पण भरती ही काही बांधाची शत्रू नव्हे. बांध तिच्यासाठीच घातलेला असतो आणि दोन भरत्यांमधल्या ओहोटीत डागडुजीला उसंत मिळते. आपल्या श्वासातली नेहमीची धूळ आणि जंतू ही अशी भरती आहे. भक्षकपेशी आणि त्यांची विकरे तिला पुरून उरतात. आता कल्पना करा की दिवसातून दोनदा येणारी भरती वीस वेळा येऊ लागली. विडीचे एक बंडल म्हणजे जवळजवळ तेच.

तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने आढळली आहेत. एका झुरक्यात मुक्तमूलकांची, म्हणजे दिसेल त्या रेणूवर तुटून पडणाऱ्या अस्थिर कणांची संख्या, एकावर पंधरा शून्ये या पट्टीत मोजली जाते. हा मारा सोसण्यासाठी शरीर प्रथम काय करते? ते राखणदार वाढवते. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत भक्षकपेशींची संख्या इतरांच्या कित्येक पट होते. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी तपकिरी दिसतात, कारण धुरातील कण त्यांच्या पोटात साठून राहतात.

शरीर विकरेही वाढवते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्यांच्या भक्षकपेशींत डिसम्युटेज आणि कॅटालेज या दोन्ही विकरांची क्रियाशीलता न ओढणाऱ्यांच्या मानाने जवळपास दुप्पट आढळली. तिसरे विकर मात्र वाढलेले नव्हते. हे वाचले तेव्हा मला प्रथम शरीराचे कौतुक वाटले. "माझे वडील रोज विडी ओढून ऐंशी वर्षे जगले" अशी उदाहरणे प्रत्येक गावात असतात. त्यांच्यामागे शरीराची अशी झुंज कुठेतरी उभी असावी. परंतु वाढलेली विकरे ही सुरक्षिततेची खूण नव्हे, ती चालू असलेल्या हल्ल्याची खूण आहे. बांधावर माणसे दुप्पट दिसू लागली, तर बांध मजबूत झाला असे आपण म्हणत नाही. पाणी चढले आहे असे म्हणतो.

आणि वय वाढल्यावर? १९९४ साली जपानी संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेतला. वृद्ध पुरुषांत चालू धूम्रपानामुळे भक्षकपेशींतील हा संरक्षक साठा घटतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की वयाचा धागा दिसू लागतो. जी फळी एकेकाळी हल्ला वाढताच दुप्पट होत होती, तीच उतारवयात पातळ होते. धूर तेवढाच असतो, त्याला अडवणारे हात कमी झालेले असतात. तेव्हा "इतकी वर्षे काही झाले नाही, आता काय होणार" हा युक्तिवाद उलटा आहे. तरुणपणी ज्या बळावर विडी पचली, ते बळ सत्तरीत उरलेले नसते.

दादांना सर्वांत जास्त पटलेली गोष्ट पुढची होती, कारण तिचा संबंध त्यांच्या रोजच्या पंपाशी होता. भक्षकपेशींत आणखी एक विकर असते. त्याचे नाव हिस्टोन डीॲसिटिलेज-२. ते आग विझवत नाही, आगीची वर्दी देणारी घंटा बंद करते. पेशीच्या केंद्रात जनुकांचा धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. सूज निर्माण करणाऱ्या जनुकांचा धागा सैल झाला की सुजेचे संदेश बाहेर पडतात. काम झाल्यावर हे विकर तो धागा पुन्हा घट्ट गुंडाळते आणि संदेश थांबतात. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधील पीटर बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले की सिगारेट ओढणाऱ्यांच्या भक्षकपेशींत हे विकर कमी होते. २००५ साली त्यांनी पुढे दाखवले की सीओपीडी जितका तीव्र, तितकी या प्रकारच्या विकरांची क्रियाशीलता कमी. घंटा वाजत राहते आणि ती बंद करणारा जागेवर नसतो.

पंपातून दिले जाणारे स्टेरॉइड आपले काम पुष्कळसे याच विकराच्या हाताने करते. औषध धागा गुंडाळण्याचा हुकूम देते. तो पाळणारे विकर धुराने निकामी केले असेल, तर हुकूम हवेत विरतो. सीओपीडीत स्टेरॉइडचा गुण मर्यादित का येतो आणि धूम्रपान करणाऱ्या दमेकऱ्यांत ते कमी का लागू पडते, याचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते. म्हणजे पंप आणि विडी एकाच वेळी चालवणारा माणूस महिन्याला औषधाचे पैसे मोजतो आणि त्या औषधाचा हात स्वतःच बांधून ठेवतो. येथे एक इशारा आवश्यक आहे. हे वाचून कोणीही पंप स्वतःहून बंद करू नये. श्वासनलिका सैल करणारी औषधे निराळ्या मार्गाने काम करतात आणि कोणते औषध किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. बंद करायचा आहे तो धूर.

तिसरी हानी भिंतींची. जंतूंशी लढणाऱ्या पेशी इलॅस्टेजसारखी काही विकरे बाहेर सोडतात. ती फुप्फुसातील लवचीक तंतूही कापू शकतात. त्यांना आवर घालण्यासाठी यकृत अल्फा-१ अँटीट्रिप्सिन नावाचे प्रथिन रक्तातून पाठवते. हे प्रथिन जन्मतः कमी असलेल्या व्यक्तींचे निरीक्षण १९६३ साली स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी नोंदवले. अशा माणसांचे वायुकोश फार लवकर फाटतात. धुराने या प्रथिनातील एका मोक्याच्या जागेचे ऑक्सिडीकरण होते आणि त्याची पकड ढिली पडते. एकीकडे कात्र्या वाढलेल्या, दुसरीकडे त्यांना आवरणारा हात ढिला. मग दोन वायुकोशांमधली भिंत नाहीशी होऊन त्यांचा एक पोकळ फुगा होतो. ही भिंत पुन्हा बांधली जात नाही. आमच्याकडे बांधाला खांड पडून शेतात खारे पाणी शिरले, की गेलेले पीक परत येत नाही, तसेच हे.

एवढे ऐकल्यावर घरातील काळजीवाहू माणसाच्या मनात एक सोपा उपाय येतो. संरक्षक साठा कमी झाला असेल तर तो बाहेरून भरून का काढू नये? बाजारात "अँटिऑक्सिडंट" असे लिहिलेल्या गोळ्यांची वाण नाही. दादांच्या मुलाने अशी एक बाटली आणलीही होती. हा प्रयोग वैद्यकशास्त्राने मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तो झाला. काहींना ई जीवनसत्त्व, काहींना बीटा कॅरोटीन, काहींना दोन्ही आणि काहींना औषध नसलेली गोळी देण्यात आली. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्के अधिक आढळला. अमेरिकेतील अशाच एका चाचणीतही धोका वाढताना दिसला आणि १९९६ साली ती मुदतीपूर्वी थांबवावी लागली. गाजर, आंबा, पालेभाजी, आवळा हे आहारात अवश्य असावे; त्यांविषयी हा इशारा नाही. परंतु धूर चालू ठेवून गोळीने त्याची भरपाई होईल ही आशा सोडून द्यावी. भरती वीस वेळा येत असताना बांधावर मातीची पोती टाकत राहण्यापेक्षा पाणीच थांबवणे शक्य आहे, आणि आपल्या बाबतीत ते पाणी आपल्याच हातात आहे.

विडीविषयी एक गैरसमज आपल्याकडे खोल रुजलेला आहे : ती पानाची, देशी, म्हणून सौम्य. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा पुष्कळ कमी असते हे खरे. पण तेंदूच्या पानातून हवा नीट आत येत नाही आणि विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने ओढावी लागते. परिणाम काय झाला, हे मुंबईतच मोजले गेले आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात मतदारयाद्यांच्या आधारे पस्तीस वर्षे व त्यांवरील मुंबईकरांची तंबाखूची सवय घरोघर नोंदवली आणि पाच-सहा वर्षांनी ५२,५६८ जणांचा पुन्हा शोध घेतला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत त्याचे निष्कर्ष आले. तंबाखू न घेणाऱ्यांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत मृत्यूचा धोका १.३९ पट होता, तर विडी ओढणाऱ्यांत १.७८ पट. ज्याचे बंडल मोठे, त्याचा धोकाही मोठा. भाऊच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहत विडी पेटवणारे हात याच आकडेवारीत कुठेतरी आहेत.

आता मूळ प्रश्न. सत्तरीत सोडून काय मिळते? इंग्लंडमध्ये १९५१ पासून ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा झाला. रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ साली लिहिले की तिसाव्या, चाळिसाव्या, पन्नासाव्या आणि साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांना अनुक्रमे सुमारे १०, ९, ६ आणि ३ वर्षांचे आयुष्य परत मिळते. दादांनी लगेच हरकत घेतली : "मी साठीचा आहे काय?" हरकत योग्य होती. म्हणून मी त्यांना वर्षांऐवजी श्वासाचा हिशेब सांगितला.

जोराने फुंकर मारताना पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडते, तीवरून श्वासनलिकांची अवस्था कळते. वयानुसार ती प्रत्येकाचीच घटते. अमेरिका आणि कॅनडात सौम्य ते मध्यम सीओपीडी असलेल्या मध्यमवयीन धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या एका दीर्घ अभ्यासात अकरा वर्षांनंतर दिसले की सुरुवातीलाच सोडलेल्या पुरुषांत ही घट वर्षाला सुमारे ३० मिलिलिटर होती आणि ओढत राहिलेल्यांत सुमारे ६६. दर वर्षी ३६ मिलिलिटरचा फरक म्हणजे दोन-तीन चमचे. दहा वर्षांत तो पाण्याच्या भरल्या पेल्याहून अधिक होतो. ज्याच्याजवळ पाच पेले आहेत त्याला एकाची किंमत वाटत नाही. ज्याच्याजवळ चारच उरले आहेत, त्याच्यासाठी तो पेला म्हणजे स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाणे आणि न जाणे यांतला फरक असतो. म्हणून उतारवयात, श्वास थोडा उरलेला असताना, सोडण्याचे मोल कमी होत नाही, वाढते.

मी त्यांना हेही सांगितले की सगळे भरून येणार नाही. फाटलेले वायुकोश जुळणार नाहीत. सीओपीडीतील सूज धूर थांबल्यावरही वर्षानुवर्षे धुमसत राहते. पण धुरातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून जातो आणि रक्ताला प्राणवायू वाहण्याची जागा मोकळी होते. श्वासमार्ग झाडून काढणारे सूक्ष्म केस पुन्हा काम करू लागतात. नवा हल्ला थांबल्याने भक्षकपेशींचे उरलेले बळ जंतूंशी लढायला मोकळे होते, आणि वृद्धांना रुग्णालयात नेणारे आजार बहुतांशी तेच असतात. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे जे गेले ते गेले, उरलेले राखायचे." मी होय म्हणालो.

त्यानंतर त्यांनी सोडली, पण एका दिवसात नाही. दोनदा पुन्हा धरली. तिसऱ्यांदा सुटली त्याला आता आठ महिने झाले. या काळात आम्हाला जे उपयोगी पडले, ते आपल्यासाठी नोंदवतो.

पहिली गोष्ट, डॉक्टरांना सोडण्याची तारीख आधी सांगावी. याला एक कारण आहे आणि तेही विकराचेच. धुरातील काही द्रव्ये यकृतातील एका विकराला अधिक कामाला लावतात आणि ते विकर दम्यासाठी दिल्या जाणाऱ्या थिऑफिलिनसारख्या औषधांचा लवकर निचरा करते. धूम्रपान थांबले की निचरा मंदावतो आणि तीच गोळी अधिक भारी पडू शकते. मळमळ, धडधड, हातांची थरथर, निद्रानाश अशी लक्षणे दिसतात. घरचे लोक त्याला "विडी सोडल्याचा त्रास" समजतात. दादांची मात्रा डॉक्टरांनी वेळेवर कमी केली. चहा-कॉफीतील कॅफीनचा निचराही याच विकरामुळे होतो. म्हणून त्या दिवसांत चहाचे कप कमी केलेले बरे.

दुसरी गोष्ट, निर्धाराला औषधाची जोड घेण्यात कमीपणा मानू नये. निकोटिनचे च्युइंगगम, पट्ट्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या गोळ्या उपलब्ध आहेत. केंद्र शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनीवर समुपदेशन मिळते. तंबाखूच्या पाकिटांवरही हा क्रमांक छापलेला असतो. हृदयविकार असेल तर कोणतेही औषध विचारूनच घ्यावे.

तिसरी गोष्ट, पहिले दोन ते चार आठवडे चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड आणि वाढलेली भूक यांचे असतात. काहींचा खोकला आणि कफ सुरुवातीला वाढतो. तो पाहून "सोडल्यानेच बिघडले" असा निष्कर्ष काढू नये; मात्र ताप, रंग बदललेला कफ किंवा वाढती धाप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. तलफ साधारण काही मिनिटांत ओसरते. त्या मिनिटांसाठी हातांना काम हवे. दादांच्या हातांना जाळे विणण्याची सवय होती. वहिनींनी घरात जुने जाळे आणि सुतळी काढून ठेवली. आपल्या घरातील आजोबांचे हात आयुष्यभर कोणते काम करत आले, ते पाहावे.

चौथी गोष्ट, विडीच्या जागी मशेरी किंवा तंबाखूची चिमूट येऊ देऊ नये. फुप्फुस वाचवून तोंडाचा कर्करोग पत्करण्यात लाभ नाही. घरात प्राणवायूचे यंत्र किंवा सिलिंडर असेल, तर त्या खोलीत कोणीही काडीसुद्धा पेटवू नये. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींविषयी डॉक्टरांना विचारावे. चूल वापरात असेल तर खिडकी उघडी ठेवावी, कारण भक्षकपेशीला लाकडाचा धूरही धूरच असतो.

पाचवी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट बोलण्याची. दादांनी दुसऱ्यांदा विडी धरली तेव्हा घरात कोणी त्यांना शपथेची आठवण करून दिली नाही. वहिनींनी फक्त विचारले, "कधी लागली?" उत्तर मिळाले, "जेवल्यावर." मग जेवणानंतर दोघे पायरीवर बसून बडीशेप खाऊ लागले. पुष्कळ जणांना कायमची सोडण्यापूर्वी अनेक प्रयत्न करावे लागतात. घसरणे हा त्या वाटेचाच भाग आहे. आपण काळजी घेणारे असाल, तर मोजायचे ते किती वेळा मोडली हे नव्हे, किती दिवस राखली हे.

दादांचा दम गेलेला नाही. पंप चालू आहे आणि चालूच राहील. धक्क्यावरून घरी येताना पूर्वी दोनदा थांबावे लागे, आता एकदा थांबतात. हा एका माणसाचा अनुभव आहे. प्रत्येकाला तो तसाच येईल असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्या घरात कोणी विचारत असेल की आता सोडून काय उपयोग, तर त्या व्यक्तीजवळ बसून तिला सांगा की तिच्या छातीत आजही राखणदार कामावर आहेत, त्यांची संख्या आणि सामग्री वयाने मर्यादित झाली आहे, आणि म्हणूनच त्यांच्यावरचा एक भार आज उतरवणे तिशीत उतरवण्याइतकेच गरजेचे आहे. मग दिवस ठरवा, डॉक्टरांना कळवा आणि हातांना काम शोधून ठेवा.